मंडईची रात्र कुणाच्या नियमात बसते?

प्रतिनिधी, गोंदिया

दिवाळी आली की मुंबई-पुण्याच्या मनोरंजन पुरवण्यांतून दरवर्षी एकच हिशेब मांडला जातो. कोणत्या नटाचा चित्रपट कोणासमोर उभा ठाकला, कुणाच्या वाट्याला किती पडदे आले आणि पहिल्या तीन दिवसांचा गल्ला किती झाला, हा तो हिशेब. या हिशेबात गोंदिया जिल्ह्याची नोंद झालीच तर ती नागपूर वितरण विभागाच्या बेरजेत कुठेतरी विरघळून जाते. पण भाऊबीज उजाडली की या जिल्ह्यातील बहुसंख्य माणसे ज्या ‘खेळा’ला जातात, तो खेळ कोणत्याही वितरकाच्या वहीत नसतो. त्याला पडदा आहे, पण तो उघडझाप करणारा. त्याला नायक-नायिका, खलनायक, विनोदवीर, गाणी, नाच असे सारे काही आहे. तिकीटही आहे. रात्री साडेनऊ-दहाला सुरू होऊन तो पहाटेपर्यंत चालतो. नाही ते फक्त छप्पर, आणि सारा प्रश्न त्या छपरापाशीच येऊन थांबतो.

झाडीपट्टी रंगभूमीविषयी आजवर पुष्कळ कौतुकाने लिहिले गेले आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांचा हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा पट्टा. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांच्या मुळांवर येथे नाटक रुजले, दिवाळी ते होळी असा त्याचा हंगाम ठरला, आणि गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजे वडसा, हे त्याचे मुख्य ठाणे बनले, एवढे आता मराठी वाचकाला साधारण ठाऊक असते. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांना पहिल्यांदा ठाऊक झाले, हेही खरे. या लेखाचा विषय मात्र कौतुकाचा नाही. शहरात ज्याला आपण पर्यायी सिनेमा म्हणतो, म्हणजे बड्या चित्रगृहांच्या साखळीबाहेर, वेगळ्या प्रेक्षकासाठी, वेगळ्या जागी उभा राहिलेला करमणुकीचा पर्याय, त्याचे खरे, चालते आणि स्वतःच्या पैशावर उभे असलेले उदाहरण गोंदियाच्या शिवारात आहे. आणि ते ज्या नियमांखाली चालते ते नियम त्याला विचारात घेऊन केलेलेच नाहीत, हे येथे मांडायचे आहे.

मंडई म्हणजे काय, हे शहरी वाचकासाठी थोडे सांगायला हवे. पुण्यात मंडई म्हटले की भाजीपाला डोळ्यांपुढे येतो. पूर्व विदर्भात मंडई म्हणजे दिवाळीनंतरचा गावचा मेळा. बलिप्रतिपदेला गोवारी समाजाचे गायगोधन झाले की भाऊबीजेपासून एकेका गावाची मंडई भरू लागते. प्रत्येक गावाचा दिवस परंपरेने ठरलेला असतो आणि शेजारच्या गावांचे दिवस सहसा एकमेकांवर पडत नाहीत. ही व्यवस्था कुणा समितीने बसवलेली नाही, पण एखाद्या वितरकाने चित्रपटाच्या तारखा लावाव्यात तशी ती नेमकी आहे. आज या गावचे पाहुणे त्या गावी, उद्या त्या गावचे या गावी. लेकी माहेरी आलेल्या असतात, जावई येतात, लग्नाच्या मुलामुलींची स्थळे बोलण्यात निघतात. दुपारी बाजारात शिंगाडे, ऊस, जिलेबी, बांगड्या, प्लास्टिकची खेळणी. तलावांच्या या जिल्ह्यात शिंगाड्याचा हंगाम नेमका याच दिवसांचा. रात्री एका बाजूला दंडार आणि दुसऱ्या बाजूला नाटक. ज्या घरी पाहुणे उतरले आहेत त्या घरचा यजमान त्यांना नाटकाला नेल्याशिवाय राहत नाही; तो पाहुणचाराचाच भाग समजला जातो.

या पाहुणचारातच या रंगभूमीच्या टिकाऊपणाचे रहस्य आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. शहरातील चित्रपट हा विकत घेतलेला वेळ असतो. मंडईचे नाटक हे नात्याचे निमित्त असते. चित्रपट आवडला नाही तर माणूस मध्यंतरात उठतो. येथे नाटक रेंगाळले तरी कुणी उठत नाही, कारण शेजारी बसलेली मावशी वर्षातून एकदाच भेटणार असते.

तंबू का गेला, मंडप का राहिला?

ही तुलना करण्यासारखी आहे. पश्चिम महाराष्ट्रातील जत्रांमधून फिरणारे तंबूतील सिनेमे, टुरिंग टॉकीज, एकेकाळी असेच जत्रेचे अविभाज्य अंग होते. त्यांच्या उतरत्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी काही वर्षे खपून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला आणि 2016 साली कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. त्याआधी 2013 मध्ये गजेंद्र अहिरे यांनी ‘टुरिंग टॉकीज’ याच नावाचा मराठी चित्रपट काढला होता. जगाने पाठ थोपटली तोवर तंबू जवळजवळ गुंडाळला गेला होता. 35 मिलिमीटरची रिळे बंद झाली, डिजिटल यंत्राचा खर्च तंबूवाल्याला पेलेना, आणि मग घरोघरी फोनवर चित्रपट आला. तंबूत जे दिसायचे तेच खिशात दिसू लागल्यावर तंबूत जाण्याचे कारण उरले नाही.

झाडीपट्टीच्या मंडपासमोरही तोच फोन आहे. येथे तरुणांच्या हातात जगभरचा सिनेमा आहे, मालिका आहेत, दक्षिणेतील चित्रपटांची हिंदी रूपे आहेत. तरी मंडप भरतो. याचे एक कारण वर आले. दुसरे कारण धंद्याच्या रचनेत आहे. टुरिंग टॉकीजचा मालक बाहेरून येई, तंबू ठोके आणि गल्ला घेऊन पुढच्या जत्रेला जाई. नफा त्याचा, तोटाही त्याचाच. झाडीपट्टीत नाटक कंपनी वडशाहून येते खरी, पण तिला बोलावते गावचे मंडळ. कंपनीशी ठरलेली रक्कम मंडळाने द्यायची, मंडप उभारायचा, परवाने काढायचे, तिकिटे विकायची, आणि उरले तर ते गावच्या एखाद्या कामाला लावायचे. म्हणजे नाटक पडले तर मार कंपनीला नव्हे, गावाला बसतो. आपला पैसा अडकलेला असल्यामुळे गावातील प्रत्येक घर तिकीट विकणाऱ्याच्या भूमिकेत असते. कोणत्याही बहुपडदा चित्रगृहाला अशी प्रसिद्धी पैसे मोजूनही मिळणार नाही.

अर्थात हे नाटक सिनेमापासून अलिप्त आहे असे कुणी समजू नये. नावे, फलक, संवादांची फेक, बहिणीसाठी जळणारा भाऊ, सावकाराच्या वाड्यातील अत्याचार, मध्येच येणारी लावणी आणि चित्रपटगीतांवरचा नाच या साऱ्यांवर हिंदी-मराठी चित्रपटांची दाट छाया आहे. मुंबई-पुण्याच्या मालिका-चित्रपटांतले ओळखीचे चेहरे पाहुणे कलावंत म्हणून बोलावले जातात आणि फलकावर त्यांची छबी सर्वांत मोठी असते. ‘झॉलीवूड’ हे नाव काही उगाच पडलेले नाही. शिष्ट समीक्षकांना हे सारे भडक वाटते, आणि काही प्रयोगांतील नाच पाहता त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटेही नाही. परंतु ज्या प्रेक्षकाला चित्रगृह गाठायला गोंदिया नाहीतर थेट नागपूर गाठावे लागते, त्याच्यासाठी हे नाटकच त्याचा सिनेमा आहे. प्रॉम्प्टरच्या आधाराने उभे राहणारे, हार्मोनियम-तबल्याच्या साथीने गाणारे, आणि कलावंताने प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहून बोललेले. शेवटची गोष्ट फोनमध्ये मिळत नाही.

गंमत अशी की, सिनेमाला या प्रदेशाची आठवण आता कुठे होऊ लागली आहे. तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ 2022 च्या जून महिन्यात प्रदर्शित झाला. त्याचा विषयच झाडीपट्टीची रंगभूमी. जयंत सोमलकर यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावात, तिथल्याच नवख्या कलावंतांना घेऊन ‘स्थळ’ केला. 2023 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात तो गौरवला गेला आणि 2025 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात पडद्यावर आला. मुलगी पाहण्याचा तो कार्यक्रम, ती पंचायत, ते धान-कापसाचे अर्थकारण हे सारे इथल्या कुणालाही ओळखीचे वाटेल असे आहे. पण ज्यांची ही गोष्ट, त्यांच्यापर्यंत चित्रगृहातून ती पोहोचण्याचा मार्ग मात्र तोकडाच राहिला. गोंदिया शहरात हिंदीचा जोर मोठा. बालाघाट, राजनांदगाव, डोंगरगड ही इथल्या व्यापाराची रोजची नावे. अशा शहरात लहान मराठी चित्रपटाला सणाच्या आठवड्यात पडदा मिळणे कठीणच.

रात्री दहाचा काटा

आता मूळ मुद्दा. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. 18 जुलै 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बंधनावर शिक्कामोर्तब केले. सणासुदीसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यायालयाने तोही वैध ठरवला. नियमात आणखी एक अपवाद आहे. सभागृह, परिषद कक्ष अशा बंदिस्त जागेत, आतल्या आत आवाज राहणार असेल तर ही वेळेची बंदी लागू होत नाही.

या नियमाचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. आजारी, वृद्ध, परीक्षेला बसलेली मुले यांच्या झोपेचा हक्क कुणी नाकारू नये. आणि गणेशोत्सवात भिंतींना तडे जातील असा आवाज करणाऱ्यांनी या नियमाची गरज वेळोवेळी सिद्धही केली आहे. मात्र हा नियम लागू होताना काय घडते ते पाहावे. शहरातील चित्रगृहात रात्री साडेदहाचा खेळ लागतो, तो एकनंतर सुटतो. बंदिस्त जागा असल्याने त्यात बेकायदा काही नाही. धानाच्या मोकळ्या बांधीत उभ्या केलेल्या मंडपात त्याच वेळी नाटकाचा पहिला अंक सुरू असतो, आणि नियमाच्या अक्षरानुसार तो तेथेच बंद व्हायला हवा. करमणूक तीच, वेळ तीच. फरक एवढाच की एका प्रेक्षकापाशी भिंती आहेत आणि दुसऱ्यापाशी नाहीत.

15 दिवसांच्या सवलतीचा झाडीपट्टीला आधार किती? ही यादी जिल्हाधिकारी जाहीर करतात. तिच्यात गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती, नाताळ, 31 डिसेंबर असे राज्यभर साजरे होणारे दिवस बहुतांश जागा घेतात. मंडई एका दिवशी नसते; ती गावागणिक निरनिराळ्या दिवशी भरते. त्यामुळे जिल्ह्यासाठी एक दिवस मोकळा केला तर त्या दिवशी मंडई असलेली मोजकी गावे सुटतात, बाकीची तशीच राहतात. पुढे माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडची यात्रा, महाशिवरात्रीला अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडची यात्रा, शिवाय गावोगावचे पट. होळीपर्यंतचा सारा हंगाम या यादीबाहेरच राहतो. आणि यादीत बसलेल्या रात्रीही सवलत बारापर्यंतच. नाटक पहाटेपर्यंतचे.

मग नाटके होतात कशी? याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे आणि कुणालाच कागदावर नको आहे. ती डोळेझाकीवर होतात. परवानगीच्या कागदावर एक वेळ असते, मंडपातली वेळ वेगळी असते, आणि मधले अंतर त्या त्या ठाण्याच्या समजूतदारपणावर अवलंबून असते. एखाद्या वर्षी निवडणुकीची आचारसंहिता असते, एखाद्या गावात दोन गटांचे वैर असते, कुणी एक अर्ज ठोकतो, आणि त्या रात्री समजूतदारपणा संपतो. तेव्हा कंपनीला ठरलेली रक्कम द्यावीच लागते, तिकिटाचे पैसे मात्र परत मागितले जातात. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे संहितेला प्रमाणपत्र असूनही असे होऊ शकते, कारण संहिता तपासणारी यंत्रणा आणि वेळ तपासणारी यंत्रणा यांचा एकमेकींशी संबंध नाही. चालत आलेली परंपरा अशी उपकारावर जगत असेल, तर ती सुरक्षित आहे असे कसे म्हणावे?

नाटक लवकर सुरू करून दहापर्यंत संपवावे, असा सल्ला शहाणी माणसे देतात. सल्ला वाईट नाही, पण तो देणाऱ्याने कार्तिकातले गाव पाहिलेले नसावे. दिवाळीला हलके धान निघालेले असते आणि भारी धान शेतात उभे असते. कापणी, बांधणी, गुरांचे चारापाणी आणि पाहुण्यांचा स्वयंपाक उरकेतो आठ-नऊ वाजतात. शिवाय रात्रभराच्या नाटकामागे एक अगदी व्यावहारिक कारण आहे. दहा-पंधरा किलोमीटरवरून आलेल्या बायाबापड्यांनी मध्यरात्री जंगलाच्या रस्त्याने परतायचे कसे? आता तर अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, देवरी या तालुक्यांत वाघ-बिबट्यांचा वावर ही रोजची बातमी आहे. पहाटेपर्यंत चालणारा खेळ ही हौस नसून सुरक्षित परतीची सोय आहे. बारा वाजता पडदा पाडा म्हणणे म्हणजे बारा वाजता हजार माणसांना रस्त्यावर काढणे होय.

कराचा न्याय आणि पटाचा धडा

शासनाला या रंगभूमीविषयी आकस आहे, असा याचा अर्थ नाही. करांच्या बाबतीत तर नाटकाला झुकते माप मिळाले आहे. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर नाही. चित्रपटाच्या शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, त्यावरील तिकिटावर तो 18 टक्केच राहिला. मंडपातले तिकीट, खुर्चीचे असो की जमिनीवर बसण्याचे, या साऱ्या भानगडीबाहेर आहे. म्हणजे एक खाते या कलेला करमुक्त ठेवण्याइतके मोलाचे मानते आणि दुसऱ्या खात्याच्या नियमात तिला रात्री दहानंतर जागाच नाही.

बैलगाडा शर्यतींचे, आपल्याकडच्या शंकरपटाचे, उदाहरण ताजे आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पट थांबले. पटाच्या दिवशी रात्री नाटक ही येथील रीत. दिवसाचे निमित्तच गेल्याने रात्रीच्या गर्दीवर परिणाम झाला नसता तरच नवल. पुढे राज्याने कायदा दुरुस्त केला, डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने दुरुस्तीवर मोहोर उमटवली. पश्चिम महाराष्ट्रातील बैलगाडा मालकांची संघटित ताकद आणि त्यांच्यामागे उभे राहिलेले सर्व पक्षांचे पुढारी यांच्याशिवाय हे घडले नसते. झाडीपट्टीच्या पाठीशी असा जोर नाही. तिच्या मंडपात उद्घाटनाला सर्व पक्षांचे पुढारी येतात, फलकावर त्यांची नावे ओळीने असतात. परंतु त्या व्यासपीठावरून वेळेच्या नियमाचा प्रश्न विधिमंडळात नेण्याचे वचन क्वचितच ऐकू येते.

छप्पर नाही हाच दोष असेल तर छप्पर द्यावे, असाही एक मार्ग सुचवला जातो. मालमोटारीतून नेऊन हवेने फुगवायची चित्रगृहे आता देशात फिरू लागली आहेत. ऑगस्ट 2021 मध्ये लेहला, 11,562 फूट उंचीवर, असे चित्रगृह उभारले गेले तेव्हा त्याची मोठी वार्ता झाली होती. अशी चित्रगृहे गोंदियाच्या तालुक्यांत फिरावीत. ‘स्थळ’सारखा चित्रपट सालेकशाला आणि देवरीला दिसावा, यात वाद नाही. पण त्यांत माणसे मावतात दीडशेच्या आसपास. मंडईच्या रात्रीचा प्रेक्षक त्याच्या कित्येक पट असतो. शिवाय बंदिस्त खोलीत सव्वादोन तासांचा खेळ करून पुढच्या गावी जाणे हा शहराच्या चित्रगृहाचाच छोटा नमुना झाला. मंडईला तो पूरक ठरेल, तिची जागा घेणार नाही.

याहून साधा उपाय नियमाच्या चौकटीतच शोधता येण्यासारखा आहे. 15 दिवसांची मर्यादा संपूर्ण जिल्ह्यासाठी एकच न मानता गावनिहाय मोजता येईल काय, म्हणजे ज्या गावी ज्या दिवशी मंडई त्या गावी त्या दिवशी सवलत, याचा विधी व न्याय विभागाने विचार करायला हरकत नाही. मध्यरात्रीनंतरचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे मान्य. त्यासाठी आवाजाची पातळी मंडपाच्या कुंपणापर्यंतच राहील अशी ध्वनियोजना बंधनकारक करून केंद्राकडे नियमदुरुस्तीचा आग्रह धरावा लागेल. भोंग्यांऐवजी मंडपाच्या आत खाली टांगलेले लहान ध्वनिक्षेपक ही काही चंद्रावरची तंत्रविद्या नव्हे. गावात झोपू इच्छिणाऱ्याचीही त्यात सोय आहे.

कोरोनाच्या काळात या अनिश्चिततेची किंमत उघडी पडली. राज्यातील चित्रगृहे आणि नाट्यगृहे 5 नोव्हेंबर 2020 पासून निम्म्या क्षमतेने उघडली, त्या वर्षीची दिवाळी 14 नोव्हेंबरला होती. पण मोकळ्या मंडपातील नाटकांसाठी बंदिस्त गृहांचे नियम कसे लावायचे याचा उलगडा वेळेत झाला नाही आणि हंगाम बहुतांशी बुडाला. कलावंत, प्रॉम्प्टर, वादक, नेपथ्यवाले, रंगभूषाकार यांची कमाई दिवाळी ते होळी एवढीच. उरलेले महिने कुणी शेतात, कुणी मजुरीवर, कुणी छोट्या दुकानात काढतो. त्यांच्यासाठी भविष्य निर्वाह निधी नाही, करार असला तर तोंडी. ज्येष्ठ कलावंतांसाठीचे मासिक मानधन 2024 मध्ये पाच हजार रुपये झाले, ही चांगली गोष्ट. पण ते वयाची अट पुरी केलेल्यांसाठी आहे, ऐन उमेदीत हंगाम बुडालेल्या नटीसाठी नाही.

आणि गावच्या मंडळाचे सारे गणित शेवटी धानावर येते. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये आहे. खरेदी केंद्र वेळेत उघडले आणि चुकारे वेळेत झाले तर तिकीटबारीवर गर्दी होते. केंद्र उशिरा उघडले, किंवा कापणीच्या तोंडावर पाऊस झाला, तर धान व्यापाऱ्याला पडेल भावात जाते आणि यजमान पाहुण्यांना खुर्चीऐवजी जमिनीचे तिकीट काढतो. कंपनीची तारीख मात्र कित्येक आठवडे आधी ठरलेली असते. गोंदियाहून सौंदड, अर्जुनीमार्गे वडशाला जाणारी गाडी पकडून मंडळाचे दोघे-तिघे जेव्हा तारीख घ्यायला जातात, तेव्हा त्यांच्यापाशी विसाराची रक्कम असते आणि गावाचा शब्द असतो. ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचा कागद त्यांना त्यानंतर मिळतो, तोही रात्री दहापर्यंतचा.